कापडावरच्या लाटा

४ मार्च

जाऊबाई,

नमस्कार. कशा आहात ते विचारत नाही. रागावलेल्या माणसाला ते विचारलं की तो "बरी आहे" म्हणतो आणि पत्र बाजूला ठेवून देतो. हे पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचायला हवं, त्यामुळे तो धोका पत्करत नाही.

आपल्या अबोल्याला किती वर्षं झाली ते मी मोजत बसले नाही. तुम्ही धरलात, मग मीही धरला, आणि दोघींनी तो इतक्या निगुतीने सांभाळला की घरातली दुसरी कुठलीच वस्तू एवढी टिकली नसेल. सासूबाई म्हणायच्या ते खोटं नव्हतं, "माझ्या घरात दोन सुना नाहीत, दोन सासवा आल्यात."

आता मुद्द्यावर येते. परवा भाऊजींचा फोन आला होता. तुमचे धाकटे दीर अंघोळीला गेले होते म्हणून मी उचलला. भाऊजी हवापाण्याचं बोलता बोलता म्हणून गेले की तुमचा हातमाग विकायला काढलाय. लगेच त्यांनी जीभ चावली, पण मी ऐकलं ते ऐकलं. त्यांना बोलू नका. त्यांच्या पोटात आजवर कधी काही राहिलंय का?

जाऊबाई, माग विकू नका. निदान माझं सगळं ऐकून घेईपर्यंत तरी नको.

विकण्याचं कारण मला ठाऊक आहे असं मला वाटतं. आता लोक कापड हाताला लावून घेत नाहीत, फोटो बघून घेतात, आणि तुमच्या कापडाला कॅमेरा दाखवायचा नाही असा तुमचा नियम. तो नियम कुठल्या दिवशी झाला तेही मला ठाऊक आहे. माझ्याच स्टुडिओत झाला, फर्निचरवाल्या कंपनीच्या खरेदीवाल्या बाईंसमोर. तुमचं ते राखाडी कापड, लांबून साधं आणि जवळून बारीक बारीक वेलबुट्टीचं, मी जीव ओतून त्याचा फोटो काढला, आणि फोटोत त्यावर गुलाबी-हिरव्या लाटा उठल्या. बाई म्हणाल्या, "कापडाला रंग लागलाय का?" मग मी लाटा घालवायला फोटो जरासा मऊ, म्हणजे धूसर, केला, तर तुम्ही म्हणालात, "हे माझं कापड नाही, हे ओलं फडकं आहे. तुला डोळे आहेत की बटणं?"

सगळ्यांसमोर म्हणालात. मी ते विसरलेले नाही, आणि मी चुकलेही नव्हते, हे आजही सांगते. त्या यंत्रातून त्याहून चांगलं निघतच नव्हतं. तुमच्या कापडातही काही खोट नव्हती. भांडणारी दोघं वेगळीच होती. स्वयंपाकघरातल्या दोन चाळण्या घ्या, एकीवर एक धरा आणि उजेडाकडे बघा. दोन्ही चाळण्या चांगल्या असतात, तरी लाटा दिसतात. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे बारीक घरांची एक चाळणी. तुमचं कापड दुसरी. तुम्ही एवढं बारीक विणलंत की माझ्या चाळणीची घरं तुमच्या धाग्यांशी अडखळायला लागली.

आणि आता ऐका. माझ्याकडे नवी चाळणी आलीय. कॅमेरेवाल्या कंपनीचा एक टायवाला माणूस मिडियम फॉरमॅटचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, नवा कॅमेरा वापरून बघायला ठेवून गेलाय. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातला सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा होता, हा आगपेटीएवढा आहे. त्यावर घरं इतकी की आकडा सांगून तुम्हाला कंटाळा आणत नाही. मला तर काल जेवण गोड लागलं नाही. दुःखाने नव्हे हो, कधी एकदा परत स्टुडिओत जाते असं झालं होतं म्हणून.

वीतभर कापड पाठवा. एवढंच मागते.

तुमची धाकटी

१२ मार्च

जाऊबाई,

उत्तर नाही. ठीक आहे, अपेक्षाही नव्हती. पण मला दम कुठला निघायला? आमच्या बैठकीच्या खोलीत तुमच्या हातचा अभ्रा आहे, घर घेतलं तेव्हा तुम्ही दिलेला, आठवतोय ना? तोच उशीवरून ओढून काढला आणि कॅमेऱ्याखाली पसरला.

तुमचे दीर तेव्हापासून अस्वस्थ. सारखे आत येतात, बाहेर जातात. "अगं, अभ्रा कशाला, दुसरं काहीतरी काढ ना, हा रुमाल बघ किती छान आहे." मी म्हटलं, रुमाल दुकानातला आहे, जाऊबाईंच्या हातचं एवढंच तर आहे घरात. तर म्हणाले, "बरं बरं," आणि जाऊन नळ दुरुस्त करायला लागले. नळाला काही झालेलं नव्हतं.

ते जाऊ द्या. जाऊबाई, लाटा नाहीत! मी पडद्यावर चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की आता येतील मेल्या. नाहीच आल्या. एका टप्प्यावर तर प्रत्येक धाग्याला किती पीळ बसलाय ते दिसायला लागलं. धाग्यातून बाहेर आलेला एक केसाएवढा तंतू आणि त्याची पडलेली सावलीसुद्धा दिसली. मी इतकी वर्षं कापडाचे फोटो काढतेय, पण कापड आज पाहिलं असं वाटलं.

टायवाल्याला फोन करून विचारलं, हे कसं काय जमवलंत? तो म्हणाला, आधीच्या सेन्सरमध्ये तारा वरच्या बाजूला असायच्या आणि उजेड झेलणारा भाग त्यांच्या खाली, आता ते उलटं केलंय, तारा मागे गेल्या आणि उजेड सरळ येतो. म्हणजे इतके दिवस खिडकीसमोर वाळत घातलेले कपडे होते, ते आता काढले. शिवाय हा एकाच वस्तूचे बरेच फोटो घेतो, आणि प्रत्येक वेळी आतला सेन्सर अर्ध्या घराएवढा सरकतो. मग सगळे एकत्र करतो. त्यामुळे एका घराने जे पाहिलं नाही ते शेजारच्याने पाहिलेलं असतं. चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं, काही लपत नाही.

सोबत प्रिंट पाठवतेय, टेबलाएवढी आहे. गुंडाळी करून घातलीय, उलगडताना जपून. बघा आणि खरं सांगा, हे ओलं फडकं आहे का?

माग ठेवा. अजून कुणाला शब्द देऊ नका.

धाकटी

२२ मार्च

जाऊबाई,

तुमचा निरोप पोचला. म्हणजे माझीच प्रिंट परत आली आणि तिच्या पाठीवर दोन ओळी. अक्षर भाऊजींचं, पण जीभ तुमची. तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी लिहिलं, म्हणजे अबोला मोडला असंही नाही. हुशार आहात.

"हे माझं नाही. डावी किनार मेल्यासारखी सरळ आहे, माझी जराशी आत येते. हे मशीनचं आहे. हिला विचारा, माझा अभ्रा कुठे गेला?"

मी वाचलं आणि अभ्रा घेऊन तुमच्या दिरांसमोर उभी राहिले. नुसता त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "इस्त्री." एवढा एकच शब्द. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मी गावाला गेले होते तेव्हा इस्त्री करताना तुमचा अभ्रा जाळला, मधोमध, इस्त्रीच्या आकाराचं भोक. मग तो पिशवीत घालून दुकानं पालथी घातली आणि हुबेहूब दिसणारा शोधून आणला. म्हणे, "तुला कळलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले." मला कळलं नाही! रोज त्यावर डोकं टेकून टीव्ही बघणारी मी, कापडाचे फोटो काढून पोट भरणारी मी, आणि मला कळलं नाही. आता खुशाल म्हणा माझ्या डोळ्यांना बटणं. तुम्हाला हक्क आहे.

हसा, पोटभर हसा. मीही हसले. आधी तुमच्या दिरांना जे बोलायचं ते बोलून घेतलं, मग हसले.

आणि मग ती प्रिंट परत उलगडून बघितली. जाऊबाई, तुमच्या लक्षात येतंय का काय झालंय? तुम्ही कापड हातात घेतलं नाहीत. चिमटीत धरलं नाहीत, उजेडात धरलं नाहीत, वास घेतला नाहीत. नुसत्या कागदावरून ओळखलंत की हे हाताचं की मशीनचं. माझ्या हातात ते कापड असून जे मला कळलं नाही, ते तुम्हाला कागदावरून कळलं. म्हणजे त्या कागदावर सगळं उतरलंय. तुम्ही माझ्या फोटोला नापास करायला गेलात आणि इतकं मोठं प्रशस्तिपत्र लिहून बसलात की मी ते चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे. भाऊजींच्या अक्षरातलं का असेना.

खाली आणखी एक ओळ होती, "यापेक्षा मोठं निघतं का?" निघतं की! भिंतीएवढं निघतं. पण हे मोठ्याचं काय काढलंत? टेबलाएवढ्यात किनार ओळखलीत, आणखी काय हवंय? घासाघीस करण्यात तुम्ही पहिल्यापासूनच पटाईत.

खरं कापड पाठवा. तुमचं.

धाकटी

३ एप्रिल

जाऊबाई,

पार्सल आलं. मी ते उघडलं आणि कितीतरी वेळ नुसती वास घेत बसले. तुमच्या खोलीचा वास आहे त्याला, खळीचा आणि लाकडाचा. भाऊजींनी चिठ्ठीत लिहिलंय की मागावरून उतरवलेलं हे शेवटचं, आणि यानंतर ताणा, म्हणजे उभे धागे, लावलाय पण विणणं अर्ध्यात थांबलंय. सोळा तारखेला माणूस माग बघायला येणार, हेही त्यांनीच लिहिलं. तुम्ही ते लिहायला सांगितलं नसणार, हे मी शंभर टक्के सांगते.

फोटो काढला. आता जे झालं ते सरळ सांगते.

वरचा भाग दृष्ट लागण्यासारखा. डावी किनार जराशी आत येणारी, अगदी तुम्ही म्हणालात तशी. मग मी पडद्यावर खाली खाली सरकत गेले आणि एका ठिकाणी काहीतरी वाकडं दिसलं. मग आणखी एका ठिकाणी. खाली तर जागोजागी. मला वाटलं, झालं, आल्या परत लाटा, नव्या वेषात. मी टायवाल्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा जेवण अर्धवट टाकून आला.

त्याने कॅमेरा तपासला. लेन्सवर झाकण लावून अंधाराचा फोटो काढला, म्हणजे सेन्सरचं एखादं घर आपण होऊन चमकतंय का ते कळतं. तसं काही नव्हतं. मग पांढऱ्या कागदाचा काढला. स्वच्छ. मग तो म्हणाला, "मॅडम, कापड जरा फिरवा." मी थोडं तिरकं केलं. त्याचं म्हणणं असं की चूक कॅमेऱ्याची असेल तर कापड फिरवल्यावर ती जागा बदलेल, लाटा पळतील. कापडाची असेल तर ती कापडाबरोबरच फिरेल.

ती कापडाबरोबर फिरली.

टायवाला म्हणाला, "कॅमेरा बरोबर आहे मॅडम," आणि मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याला पाणी दिलं आणि पाठवून दिलं.

जाऊबाई, काही ठिकाणी आडवा धागा एक उभा धागा सोडून गेलाय. खाली जाईल तसं जास्त. हे मुद्दाम केलंय का? काही नवी वीण बघताय का? असेल तर मला कळत नाही म्हणून सोडून द्या. पण मला आठवतंय, एक धागा चुकला तर तुम्ही वीतभर उसवायच्या, आणि आम्ही जेवायला थांबलोय म्हणून सासूबाई ओरडत असल्या तरी उसवायच्या.

तुम्ही मागितलीत तशी भिंतीएवढी प्रिंट काढायला टाकलीय. दोन भागांत येईल.

उत्तर द्या. भाऊजींच्या हातून दिलंत तरी चालेल.

धाकटी

९ एप्रिल

जाऊबाई, आणि भाऊजी, तुम्हीही.

कारण हे पत्र भाऊजी वाचून दाखवताहेत हे मला आता कळलंय. सगळीच पत्रं त्यांनीच वाचली. त्यांच्या पोटात काही राहत नाही असं मी लिहिलं होतं, तेही त्यांनीच मोठ्याने वाचलं असेल. भाऊजी, माफ करा. पण ही गोष्ट तुम्ही वर्षभर पोटात ठेवलीत, म्हणजे माझं म्हणणं चुकलंच. आता पुढचं गाळू नका, अक्षर न् अक्षर वाचा.

काल मी फोन केला आणि भाऊजींना विचारलं, काय ते सांगा. ते आधी हवापाण्यावर गेले. मग म्हणाले, मधलंच दिसत नाही तिला. कडेचं दिसतं, माणूस आलेला कळतो, दार कळतं, पण ज्याच्याकडे सरळ बघायचं तेच पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, हे चष्म्याने जात नाही आणि ऑपरेशनने जात नाही.

जाऊबाई, मला खूप राग आलाय. तुमचा. मी इथे फोटो, चाळण्या, लाटा असलं काहीबाही लिहीत बसले, तुम्हाला घासाघीस करता म्हणून चिडवलं, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. माझ्याशी अबोला होता ना? मग माझ्याशी नाही तर कुणाशी तरी बोलायचं. मोठी जाऊ म्हणून सगळं एकटीने गिळायचं असा काही कायदा आहे का? मी रात्रभर तळमळले. तुमच्यावर रागावून रडले.

आणि सकाळी एकदम उठून बसले. कारण भाऊजींनी फोन ठेवता ठेवता आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती माझ्या डोक्यात उशिरा शिरली. ते म्हणाले, "तुझी ती प्रिंट तिने जमिनीवर पसरली, मान वाकडी करून कडेने बघत बसली, आणि बोटाने धागे मोजले. आणखी मोठी असती तर बरं झालं असतं, म्हणाली."

म्हणजे हातातलं कापड तुम्हाला दिसत नाही, पण कागदावरचं दिसलं! धागा काडीएवढा झाला तेव्हा दिसला. मग तो दोरीएवढा केला तर?

आता नीट ऐका. हा कॅमेरा नुसते फोटो काढत नाही. समोर जे चाललंय ते त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर दाखवतो, हवं तेवढं मोठं करून. हे जुन्यातही होतं, पण जुन्यात हात हलवला की पडद्यावरचा हात मागाहून हलायचा, सेन्सर एवढी घरं वाचून काढेपर्यंत दम लागायचा त्याला. तसल्यावर विणणं म्हणजे परक्याच्या हाताने जेवणं. हा नवा एवढा मोठा असूनही पटापट वाचतो. माझा विश्वास नव्हता. मग मी सुई कॅमेऱ्याखाली धरली, खाली बघायचं नाही असं ठरवलं, पडद्यावर बघत दोरा ओवायला बसले. पहिल्यांदा बोटाला टोचली. दुसऱ्यांदाही. मग तुमच्या दिरांना पट्टी आणायला पाठवलं आणि ते पट्टी घेऊन येईपर्यंत दोरा ओवला गेला होता! मी स्टुडिओत एकटीच नाचले. ते दारात पट्टी घेऊन उभे, आणि म्हणतात, "एवढं लागलं का?"

कॅमेरा आता परत जाणार नाही. तो कसा ठेवून घेतला ते विचारू नका. माझी जुनी यंत्रं तुम्हाला या खोलीत दिसणार नाहीत, एवढंच सांगते. आणि मला वाईट वाटतंय असं समजू नका, लाटा काढणारीच होती ती.

आम्ही पंधरा तारखेला येतोय, गाडीत कॅमेरा, पडदा आणि कॅमेरा धरून ठेवणारा लोखंडी हात घेऊन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. मी भाऊजींशी बोलेन आणि तुम्ही ऐका. चालत आलंय तसं चालू दे. पण त्या सोळा तारखेच्या माणसाला आधी काही कबूल केलंत, तर मात्र या धाकटीचा खरा अबोला काय असतो ते तुम्हाला कळेल.

धाकटी

१८ एप्रिल

भाऊजी, हे पत्र तुम्ही वाचायचं नाही. क्रमाने एक एक पान कॅमेऱ्याखाली ठेवा आणि बाहेर जाऊन बसा. अक्षर मोठं काढलंय, एका पानावर चारच ओळी मावल्या, म्हणून गठ्ठा एवढा जाड झालाय. घाबरू नका.

जाऊबाई,

आता तुम्हीच वाचताय. किती वर्षांनी माझं पत्र तुमच्या डोळ्यांनी वाचताय. पुसट वाटलं तर उजवीकडचं चाक जरा फिरवा.

परवा काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथे होतात. पण मी पाठीमागे उभी होते आणि तुम्ही मला पाहिलं नाहीत, म्हणून मला दिसलं ते सांगते.

आम्ही सगळं जोडेपर्यंत तुम्ही आतल्या खोलीत बसून राहिलात. लोखंडी हात मागाच्या वर बसवला, तर धागे ठोकणारी फणी पुढे आली की त्याला आपटायची. तुमच्या दिरांनी तो बाजूला घेतला, मग तुमचं डोकं मध्ये येणार. मी तुमच्या जागी बसून बघत होते आणि आतून तुमचा आवाज आला, "ती माझ्यापेक्षा बुटकी आहे. वर घ्या." ते तुम्ही भाऊजींना म्हणालात, मला नाही. आम्ही वर घेतला.

मग तुम्ही आलात. बाकावर बसलात. पडद्याकडे सवयीने मान वाकडी करून बघितलंत, आणि हात मांडीवरून उचलले नाहीत. मला वाटलं, झालं, उठणार आता. मी चित्र आणखी मोठं केलं. आणखी मोठं केलं. धागा मनगटाएवढा झाला तेव्हा तुम्ही हात वर केलात, थांब म्हणून.

तुम्ही मागावर बोट ठेवलंत. पडद्यावर बोट आलं. तुम्ही ते हलवलंत, ते हललं. मग परत हलवलंत, झटकन, कुणाला तरी फसवायला बघावं तसं. फसलं नाही. तुमच्या दिरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर तिथेच हुंदका फुटला असता.

मग तुमचं बोट धाग्यावरून धाग्यावर गेलं आणि एका जागी थांबलं. तिथे एक उभा धागा सुटला होता. तुम्ही तो बघितलात. किती वेळ बघत होतात. मला वाटलं, तेवढाच काढून सरळ कराल. तुम्ही आडवा धागा नेणारा धोटा बाजूला ठेवलात आणि उसवायला लागलात. ती चूक गेली तरी थांबला नाहीत. तिच्या आधीची सापडली, ती गेली. तिच्याही आधीची गेली. भाऊजी हळूच म्हणाले, "अगं, पुरे की," तर तुम्ही ऐकलंच नाही. अर्ध्यात थांबलेला तो सगळा तुकडा, चांगला दोन विती, उसवून टाकलात आणि ताणा मोकळा केलात. मग पहिली ओळ घातली. मग दुसरी. तुमचा पाय खाली जसा पडायचा तसाच पडत होता. तो आवाज ऐकून मी बाहेर अंगणात गेले. तुम्हाला वाटलं असेल मी फोनवर बोलायला गेले. मी रडायला गेले होते.

तेवढ्यात तो माग बघायला येणारा माणूस आला, टेम्पो घेऊनच आला होता. त्याला वाटलं होतं सौदा पक्का आहे. भाऊजी त्याला दारात उभं करून आत आले, मी त्यांच्या मागोमाग आले. त्यांनी हाक मारून विचारलं, "ते आलेत गं. काय सांगू त्यांना?"

तुम्ही पडद्यावरून नजर काढली नाहीत. धोटा इकडून तिकडे गेला. फणी बसली. मग म्हणालात,

"त्यांना सांगा, मागावर कापड आहे."

धाकटी